*पशुपाठ : बसलेली गाय उठली, पुढचे दोन दिवस काय?*



सकाळी जनावरांच्या दवाखान्यात गेलं की पेशंट ओळीनं दिसतात. कुणाची शेळी लग्नाचा उरलेला भात खाऊन फुगलेली, कुणाची म्हैस खोड्यात उभी, कुणाची कालवड भरवायला आणलेली. पण सगळ्यात घाईचा पेशंट दवाखान्यात येतच नाही. तो गोठ्यात बसलेला असतो आणि डॉक्टरांनाच त्याच्याकडे जावं लागतं. आजचा पाठ त्या पेशंटचा, म्हणजे व्यायल्यावर बसलेल्या गाईचा.

*दुग्धज्वर*
नावात ज्वर आहे, पण ताप नसतो. उलट कान आणि पाय हाताला गार लागतात. जास्त दूध देणारी, तिसऱ्या वेताची किंवा पुढची गाय व्यायल्यापासून दोन-तीन दिवसांत खाणं सोडते, झोकांड्या खाते आणि बसते. मान वळवून कुशीवर ठेवते. शेण-लघवी थांबते. कारण सरळ आहे: कासेत एकदम दूध उतरतं, त्यात रक्तातलं कॅल्शियम निघून जातं आणि हाडांतून ते तेवढ्या वेगानं रक्तात येत नाही. कॅल्शियमशिवाय स्नायू चालत नाहीत, मग गाय उठणार कशी?

*डॉक्टर येईपर्यंत*
लगेच फोन लावा. “सकाळी बघू” म्हणू नका. एवढं वजन एकाच पायावर रात्रभर पडलं तर खालच्या पायाचे स्नायू आणि नसा दबतात. मग कॅल्शियम देऊनही गाय उठत नाही. फोनवर हे सांगा: कधी व्यायली, कितवं वेत, कधीपासून बसली, अंग गरम की गार, वार पडली का, आधी कुणी काही दिलंय का. आपले डॉक्टर दुसऱ्या गावाला असतील तर १९६२ या टोल-फ्री नंबरवर फिरत्या पथकासाठी विचारा.

गाय आडवी पडू देऊ नका, पोट फुगून जीव जाऊ शकतो. छातीवर बसती ठेवा आणि दोन्ही बाजूंनी भुसा भरलेल्या पोत्यांचा टेका द्या. *तोंडानं काहीही पाजू नका.* तेल नको, गूळपाणी नको, कॅल्शियमची बाटलीही नको. या अवस्थेत तिला गिळता येत नाही, पाजलेलं फुफ्फुसात जातं. दुग्धज्वरातून वाचलेली गाय मग न्यूमोनियानं जाते.

*शिरेतलं कॅल्शियम घरी देऊ नका*
बाटली मेडिकलमध्ये मिळते, गावात सुई टोचणाराही असतो. पण हे औषध भराभर गेलं तर हृदय बंद पडतं. म्हणून डॉक्टर बाटली हळूहळू सोडतात आणि मध्ये मध्ये ठोके ऐकतात. दुसरं, बसलेली प्रत्येक गाय दुग्धज्वराची नसते. कासदाहाचं विष अंगात भिनलेलं असू शकतं, अवघड वितीत नस दबलेली असू शकते, खुबा निखळलेला असू शकतो. प्रत्येकाचा इलाज वेगळा.

*मग ती उठते*
बघण्यासारखं असतं ते. सलाईन चालू असतानाच अंगाला कंप येतो, ढेकर येते, नाकपुडीवर दव येतं, शेण टाकते. पुष्कळ गाई तासा-दोन तासांत उभ्या राहतात. घरचे हात जोडतात, डॉक्टर पुढच्या गोठ्याला निघतात. आणि आपल्याकडे चूक होते ती इथून पुढे.

उठली म्हणून कास पूर्ण रिकामी केली तर कॅल्शियम पुन्हा दुधात ओढलं जातं. काही गाई दोन दिवसांच्या आत परत बसतात, बऱ्याचदा रात्रीच. म्हणून पहिले एक-दोन दिवस वासराला लागेल तेवढंच दूध काढा, कास मोकळी करू नका. कासदाह असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तसं. रात्री एकदा उठून बघा. फरशी गुळगुळीत असेल तर माती किंवा वाळू पसरा. उठताना पाय फाकला तर सगळी मेहनत वाया. अजून उठली नसेल तर दर दोन-तीन तासांनी कूस बदला आणि पाणी तोंडाजवळ ठेवा.

डॉक्टरांनी अँटिबायोटिकही दिलं असेल, तर ते सांगतील तितके दिवस दूध संकलनाच्या कॅनमध्ये ओतू नका. एका गाईच्या दुधानं सगळ्यांचा कॅन बाद होतो.

*पुढच्या वेताला*
एकदा बसलेली गाय पुढच्या वेतातही बसण्याची शक्यता जास्त असते, म्हणून केसपेपर जपून ठेवा. व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत लसूणघास भरपूर घालू नका, कॅल्शियमही पाजू नका. चांगल्या मनानं घातलेलं हेच कॅल्शियम नडतं: बाहेरून आयतं मिळालं की हाडांतून काढायची शरीराची सवय सुस्तावते. या काळात कोणतं खनिज मिश्रण द्यायचं आणि व्यायल्याबरोबर उभ्या गाईला कॅल्शियम जेल द्यायचं का, हे तारखेच्या महिनाभर आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.