नव्या ट्रकचं पहिलं तेल

गळीत हंगामात कुंडलच्या क्रांती कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांची रांग आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. त्यात एखादी कोरी करकरीत असते. समोर हार, आणि मालकाच्या डोक्यावर बँकेचा हप्ता नि टोळीला दिलेली उचल. ती गाडी भर हंगामात बसली, तर टोळीही फडात बसून राहते. अशा मालकाला सर्वांत उशिरा आठवणारी गोष्ट म्हणजे गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलमधलं वंगण. "नवी गाडी आहे, तेलाला काय झालंय?" हा प्रश्न ठरलेला!

मित्रहो, तेलाला काही झालेलं नसतं. त्यात काय पडलंय, हा प्रश्न आहे. मशीनवर कापलेला गिअरचा दात डोळ्यांना गुळगुळीत दिसला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर डोंगर-दऱ्या असतात. सुरुवातीला भार पूर्ण दातावर न पडता या शिखरांवर पडतो. ती घासून सपाट होतात आणि निघालेला कीस तेलात उतरतो.

थोडा हिशेब करू. ट्रकच्या चाकाचा घेर सुमारे ३.२ मीटर आणि डिफरन्शिअलचं गुणोत्तर ६ धरलं, तर एका किलोमीटरला चाक, म्हणजेच क्राऊन, सुमारे ३१२ फेरे घेतं आणि पिनियन १,८७५. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये पिनियनचा प्रत्येक दात जवळजवळ १९ लाख वेळा क्राऊनला भिडतो! त्यात उसाची गाडी नवी असो की जुनी, पहिल्याच खेपेला भरून निघते, आणि फडातून सडकेपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडत येते. सावकाश रुळवायचं पुस्तकात लिहिलेलं राहतं पुस्तकातच.

इंजिनात पंप आहे, फिल्टर आहे. साध्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये आणि डिफरन्शिअलमध्ये सहसा फिल्टर नसतो. तळाशी साठलेलं तेल दातच उडवतात आणि त्याच तेलात बेअरिंगही न्हातात. म्हणजे पहिला कीस गाळला न जाता फिरत राहतो. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर तो लोखंड धरतो, पण सिंक्रोनायझर रिंगचं पितळ चुंबकाला कुठलं लागणार?

म्हणून या दोन ठिकाणचं तेल पहिल्यांदा लवकर बदलणं मला पटतं. मात्र सरसकट नाही. आता यंत्रकाम आणि धुलाई सुधारली आहे, काही कंपन्या लांब मुदतीचं सिंथेटिक तेल भरूनच देतात. तेव्हा आधी गाडीचं पुस्तक बघावं. त्यात पहिली मुदत दिली असेल तर ती चुकवू नये. दिली नसेल आणि गाडी पहिल्या दिवसापासून भाराखाली असेल, तर काही लिटर तेलाचा खर्च क्राऊन-पिनियनच्या जोडीपुढे किरकोळच. इंजिनचा नियम वेगळा. तिथे रिंगा आणि बोअर एकमेकांना बसायचे असतात. काही उत्पादक त्यासाठीच खास तेल भरतात, ते मुदतीआधी काढण्यात शहाणपण नाही.

बदलताना ग्रेड चुकली तर केलेलं पाण्यात. हायपॉईड क्राऊन-पिनियनमध्ये दात एकमेकांवर सरकतातही, म्हणून तिथे जीएल-५ लागतं. त्यातले गंधक-फॉस्फरसचे घटक दातावर संरक्षक थर धरतात. हेच गंधक पितळेच्या रिंगला बाधू शकतं, त्यामुळे जिथे जीएल-४ सांगितलंय तिथे "जास्त भारी" म्हणून जीएल-५ ओतू नये. आणि ९० नंबर ऐकून दचकू नका. गिअर तेलाची मोजपट्टी वेगळी आहे, हे तेल दाटपणात इंजिनच्या ४०-५० च्या आसपासच येतं.

प्रत्यक्ष काम सोपं आहे. गाडी सपाट जागी, तेल गरम असताना. आधी वरचा फिलर प्लग सोडवून बघा, मगच खालचा. वरचा अडकून बसला आणि तेल खाली गेलेलं असलं, तर गाडी जागेवरच. नवं तेल सहसा फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरतात. बिल जपून ठेवा, वॉरंटीसाठी लागतं.

काढलेलं तेल स्वच्छ डब्यात धरून उन्हात बघा. चुंबकावर करडं, मऊ गाळासारखं काही असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारा तुकडा किंवा सुईसारखी चकती निघाली, तर तो चिमटीत धरून तडक कंपनीच्या वर्कशॉपला न्या. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. मग हाउसिंगवरचा ब्रिदर फडातल्या चिखलाने बुजलाय का, ते आधी बघायचं.