वसईच्या हवेत जुनी मोटारसायकल



वापरलेली एकसिलिंडर मोटारसायकल सुरू होत नसेल, तर कारण तीनच ठिकाणी असते : करंट, पेट्रोल आणि कॉम्प्रेशन. प्लगला वेळेवर ठिणगी मिळाली, पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात आत आली आणि पिस्टनने ते मिश्रण नीट दाबले, की इंजिनाला सुरू व्हावेच लागते. सिलिंडर एकच असल्याने एवढ्याशा दोषाने सगळी गाडी बंद पडते, पण शोधही त्यामुळेच सोपा होतो. दोष कळण्याआधी पार्ट बदलत सुटणे ही या कामातली सर्वात महागडी सवय. प्लग, कॉइल, सीडीआय (ठिणगीची वेळ साधणारा डबा), कार्बोरेटर असे एकामागून एक नवे बसवले जातात आणि शेवटी सापडतो तो कनेक्टरमध्ये धरलेला हिरवा गंज.

वसई-विरारमध्ये हा गंज सर्वांत आधी शोधावा. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या किनारपट्टीवरची हवा खारी, वसई-नायगावकडे मिठागरे. त्यात इथल्या बहुतेक गाड्या सकाळी घरापासून स्टेशनपर्यंत धावतात आणि रात्रीपर्यंत पावसात उभ्या राहतात. एवढ्याशा फेरीत इंजिन पुरते तापत नाही. आत साचलेली वाफ बाहेर न पडता ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधट फेस दिसू लागतो. कमी किलोमीटर चाललेली गाडी चांगलीच, हा समज म्हणून इथे सरसकट धरू नये. रोज वीस-पंचवीस किलोमीटर सलग चाललेल्या गाडीचे इंजिन पुष्कळदा जास्त निरोगी निघते.

खरेदीच्या वेळी आधी कागद पाहावेत. वसईच्या आरटीओचा क्रमांक एमएच-४८. हा क्रमांक येण्याआधीच्या गाड्यांवर ठाण्याचा एमएच-०४ असतो. आरसी बुकातला चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी अक्षर न अक्षर जुळवावा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. कर्जाचा बोजा नोंदलेला असेल तर तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५. नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यामुळे मुदत संपत आलेल्या गाडीच्या भावात फेरनोंदणीचा खर्च धरावा. गाडी नावावर होत नसेल तर ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

गाडी थंड असताना पाहणे महत्त्वाचे. विकणाऱ्याने आधीच इंजिन तापवून ठेवले असेल तर स्टार्टिंगचा दोष दिसत नाही. पहिल्या किकनंतर सायलेन्सरकडे लक्ष द्यावे. पावसाळी सकाळी थोडा पांढरा वाफारा येतो आणि विरतो. त्यात काही नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. सुरू करताच थोडा वेळ येऊन थांबला तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, रेस दिल्यावर वाढत गेला तर रिंगांवर. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याची खूण. त्यासाठी एअर फिल्टर आणि अडकलेला चोक पाहावा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर घसरते.

आता मूळ शोध. प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहावा. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओला तेलकट काळा थर म्हणजे ऑइल वर येते आहे, पांढरे भाजलेले टोक म्हणजे पेट्रोल कमी किंवा कुठून तरी जादा हवा शिरते आहे. मग प्लग कॅपमध्ये घालून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा आणि किक मारावी. मात्र प्लगचे भोक फडक्याने झाकावे आणि जवळ पेट्रोल सांडलेले नसावे. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळट, अशक्त ठिणगी आली तर आधी कॅप, मग अर्थिंगचा स्क्रू, मग कनेक्टर, आणि त्यानंतरच कॉइल. बॅटरीचे व्होल्ट मीटरने पाहावेत. रात्रभर उभ्या गाडीत साडेबाराच्या आसपास, आणि इंजिनाला रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा. रेस देऊनही आकडा चढत नसेल तर बॅटरी बदलून उपयोग नाही, चार्जिंगच होत नाही.

ठिणगी ठीक असेल तर पेट्रोल. कार्बोरेटरच्या तळवाटीचा स्क्रू सैल करून आतले पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे. तळाशी पाण्याचा थेंब किंवा तांबूस गाळ दिसला तर दोष टाकीत आहे. जेट कितीही साफ केले तरी कचरा पुन्हा येणार. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ते हवेतला ओलावा ओढते. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी घेऊन महिनाभर उभी राहिलेली जुनी गाडी त्यामुळे हमखास रुसते. टाकी भरलेली ठेवावी आणि जुन्या रबरी नळ्या बदलून घ्याव्यात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ प्रदूषण नियम लागू झाल्यावर आलेल्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर नसतो. त्यांतल्या काहींत मीटरवरचा इंजिनाचा दिवा कसा लुकलुकतो, त्यावरून दोषाचा क्रमांक कळतो.

कॉम्प्रेशनचा संशय आला तर लगेच ‘हाफ इंजिन’चे, म्हणजे सिलिंडर-पिस्टन खोलण्याचे काम काढू नये. आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणारे स्क्रू पाहावेत, कारण पुष्कळ ‘गेलेली’ इंजिने इथेच बरी होतात. हे काम पूर्ण थंड इंजिनावरच करायचे. स्प्लेंडरसारख्या ९७.२ सीसीच्या गाडीत मॅग्नेटच्या झाकणातल्या छोट्या खिडकीतून ‘टी’ची खूण दिसते. ती खूण जुळवली की पिस्टन वर आलेला असतो. दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले तर दाबाचा फेरा बरोबर सापडला. एखादा ताठ असेल तर मॅग्नेट आणखी एक फेरी फिरवावा. पुस्तिकेत दिलेल्या जाडीची फीलर पट्टी व्हॉल्व्हच्या टोकाशी सरकवली की ती हलक्या घर्षणाने सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर माप पुन्हा घ्यावे. ढिले टॅपेट टकटक वाजतात, तेव्हा ते कोणाच्याही लक्षात येतात. घट्ट टॅपेट मुळीच वाजत नाहीत, पण व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, तापलेली गाडी सुरू होत नाही आणि हळूहळू व्हॉल्व्ह जळतो. आवाज बंद करण्यासाठी टॅपेट कसून देणारा मेकॅनिक टाळावा. माप बरोबर असूनही किक हलकी जात असेल, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा पाहावे. किक जड झाली तर रिंगा गेल्या, तशीच राहिली तर व्हॉल्व्ह.

पुराचे पाणी हा वेगळा विषय आहे. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून रेल्वे बंद पडली होती. तसल्या दिवसांत स्टेशनजवळच्या गाड्या सीटपर्यंत बुडतात. बुडालेल्या गाडीला किक किंवा सेल्फ मारू नये. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवावी, प्लग काढावा, मग हाताने हळूहळू किक फिरवून पाणी बाहेर घालवावे. ऑइल बदलून गाडी थोडी चालवावी आणि ते दुधट दिसले तर पुन्हा बदलावे. दोनदा ऑइल टाकण्याचा खर्च इंजिनकामापुढे काहीच नाही. ब्रेक ड्रम उघडून लायनर वाळवावेत. पूर्ण झाकलेल्या चेनकव्हरमध्ये खारट चिखल अडकून राहतो आणि आतली चेन गंजते ती बाहेरून दिसत नाही, म्हणून कव्हर उतरवूनच धुवावे.

सुधारणा म्हणजे आधी गाडी मूळ स्थितीला आणणे. १२५ सीसीपेक्षा मोठ्या गाड्यांना एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि लहान गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी) सक्तीचे झाले ते २०१८-१९ मध्ये. त्याआधीच्या गाडीत यातले बहुधा काहीच नसते. तिथे पहिला पैसा टायर, ब्रेक लायनर आणि केबलींवर जावा. वळताना मध्येच अडकणारी हँडल बेअरिंगही त्यातच धरावी. जास्त वॉटचा बल्ब जुन्या मॅग्नेटला झेपत नाही; होल्डर वितळतो आणि उजेड फारसा वाढत नाही. आवाजी सायलेन्सर बसवला की दंड होतो आणि मिश्रणाचे गणितही बिघडते. शिवाय गल्लीत झोपलेल्या लहान मुलांचा आणि आजाऱ्यांचा विचार आहेच. सर्व कनेक्टर उघडून साफ करावेत, कोरडे करावेत आणि बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली लावावी. खाऱ्या हवेत एवढ्याने मिळणारा फायदा दुसऱ्या कोणत्याही महागड्या पार्टने मिळत नाही.

काम झाल्यावर गाडी वसई रोडच्या पूर्व-पश्चिम उड्डाणपुलावर तिसऱ्या गिअरमध्ये चढवून पाहावी, मग शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीपर्यंत सलग न्यावी. परत आल्यावर इंजिन थंड होऊ द्यावे, प्लगचा रंग आणि ऑइलची पातळी पुन्हा पाहावी आणि टाकी भरून ॲव्हरेज मोजावे.