खेळकर चित्रपुस्तक कसं निवडावं?

सुरत, उधना, चलथाण या पट्ट्यात खानदेशातून कामासाठी आलेली पुष्कळ कुटुंबं राहतात. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, शाळेत बहुधा गुजराती आणि पुस्तकात प्रमाण मराठी, असं लहान मुलाभोवती भाषांचं गोकुळ असतं. अशा घरी चित्रपुस्तक निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा: हे पुस्तक मुलाला बोलतं करेल का?

लागणारा वेळ : एका पुस्तकाला पाच-सात मिनिटं
कोणासाठी : १ ते ६ वर्षांची मुलं

१. आधी वय पाहा. दीड-दोन वर्षांपर्यंत जाड पुठ्ठ्याची पानं, गोल कोपरे आणि पानावर एकच मोठं चित्र असावं. पिना मारलेलं पुस्तक इतक्या लहान हातात देऊ नये. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पुन्हा पुन्हा येणारी ओळ आवडते. पाचव्या वर्षापासून चित्रात लपलेलं शोधायला आणि पुढे काय होईल ते ओळखायला मजा येते.

२. मजकूर तळहाताने झाका. फक्त चित्रं पाहत पानं उलटा. गोष्ट कळते का? मजकुरात नसलेलं काही चित्रात सापडतं का? पलंगाखालची मांजर, कोपऱ्यात रुसलेली बहीण? मजकुरात आहे तेवढंच चित्रात असेल, तर मुलाला शोधायला काहीच उरत नाही.

३. दोन पानं मोठ्याने वाचा. दुकानातच वाचा, लाजू नका. जीभ अडखळली तर घरीही अडखळेल. धपकन, भुर्रकन, खडखड असे आवाज आणि लहान वाक्यं असली की मूल तुमच्या आधीच ओळ पुरी करतं.

४. पान उलटण्यातली गंमत तपासा. उजव्या पानाच्या शेवटी उत्सुकता हवी, उलटल्यावर उत्तर हवं. एरिक कार्ल यांच्या भुकेल्या सुरवंटाच्या पुस्तकात (१९६९) सुरवंटाने खाल्लेल्या फळांना खरीच भोकं आहेत; मूल त्यांत बोट घालतं आणि गोष्टीत शिरतं. महागडी करामत मात्र गरजेची नाही. ‘सांग, कुठे लपला?’ एवढा प्रश्नही पुरतो.

५. शेवटचं पान वाचा. तिथे ‘तात्पर्य’ असेल, तर पुस्तक खाली ठेवा. उपदेश करायला मोठी माणसं घरात आहेतच.

६. घरच्या भाषेला जागा आहे का, पाहा. माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ (ज्योत्स्ना प्रकाशन) इथे फार उपयोगी आहे. आजीला अक्षरओळख नसली तरी त्यातली भरगच्च चित्रं पाहून ती अहिराणीतून विचारू शकते, ‘हाई काय शे?’ (हे काय आहे?) मूल गुजरातीत उत्तर देईल, तरी चालेल. पुरंदरे यांचीच ‘राधाचं घर’ ही घरातल्या माणसांवरची पुस्तकंही पाहावीत.

७. एकच गोष्ट दोन लिप्यांत मिळवा. शाळेत गुजराती लिपी शिकणाऱ्या मुलाला शिरोरेषेची सवय नसते. गोष्ट आधीच ठाऊक असली की देवनागरी अक्षरांची भीती जाते. चेन्नईचं तुलिका प्रकाशन एकच पुस्तक अनेक भारतीय भाषांत काढतं. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर (२०१५ पासून) मराठी आणि गुजराती दोन्हींतल्या गोष्टी मोफत वाचता येतात, छापूनही घेता येतात. छापील मराठी पुस्तकं सुरतेत सहज मिळाली नाहीत, तर ताप्ती लाइनच्या रेल्वेगाडीने जळगावकडे जाल तेव्हा यादी सोबत न्या.

८. आपलं जग सापडतं का, पाहा. उसाची गाडी, रेल्वे फाटक, चाळीतला नळ, गावाकडचं शेत यांतलं काही तरी चित्रांत असलं, की मूल ‘आपल्याकडे पण आहे!’ म्हणून बोलू लागतं. सगळीच पुस्तकं अशी नकोत. हत्ती आणि समुद्रही हवेत. पण एखादं तरी हवंच.

९. शेवटची निवड मुलाला करू द्या. या चाळणीतून उरलेली तीन पुस्तकं जमिनीवर मांडा आणि थांबा. मूल उचलेल ते घ्या, तुम्हाला दुसरं आवडलं असलं तरी.

घरी आल्यावर : पुस्तक मुलाच्या हाताला येईल इतकं खाली ठेवा. पान फाटलं तर रागावू नका, चिकटपट्टी लावा. आठवडाभरात एकदाही ‘परत वाच’ आलं नाही, तर ते बाजूला ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा काढा. रोज ‘परत वाच’ येत असेल, तर कंटाळा न करता वाचा. त्या प्रत्येक वाचनात मूल एखादा नवा शब्द स्वतःचा करत असतं.