काचबिंदू : उरलेल्या दृष्टीचे जतन

'अलीकडे अंधुक दिसते, मोतीबिंदू असेल. पिकला की काढून टाकू.' असे बोल आपण घरोघरी ऐकतो. मोतीबिंदूच्या बाबतीत हे थांबणे बहुधा निभावून जाते, कारण गढूळ झालेले भिंग काढून कृत्रिम भिंग बसवले की पुन्हा दिसू लागते. काचबिंदूचे तसे नाही. 'बिंदू' हा शब्द दोन्ही नावांत असल्यामुळे हे विकार एकाच जातीचे वाटतात, एवढेच. हिंदी भाषक प्रदेशात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी 'काला मोतिया' हे नाव ऐकले असेल; तेही तितकेच फसवे आहे.

हा फरक समजण्यासाठी डोळ्याची रचना पाहू. डोळ्याच्या आत मागील बाजूस दृष्टिपटल नावाचा नाजूक पडदा असतो. त्यावर उमटलेल्या प्रतिमेचा संदेश मेंदूकडे पाठवण्याचे काम गुच्छिका पेशी या चेतापेशी करतात. प्रत्येक डोळ्यात त्या सुमारे दहा लाख असतात. प्रत्येक पेशीपासून एक अतिसूक्ष्म तंतू निघतो. हे सारे तंतू एकत्र येऊन दोरखंडासारखी दृष्टिचेता तयार होते. डोळ्याबाहेर पडताना हे तंतू चाळणीसारख्या एका पडद्यातून ओवले जातात. नेमकी हीच जागा नाजूक असते.

डोळ्याच्या पुढील भागात एक पारदर्शक द्रव सतत तयार होतो आणि वाहून जातो. त्याचा निचरा नीट झाला नाही, तर डोळ्यातील दाब वाढतो. हा दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. वाढलेल्या दाबाने ती चाळणी मागे वाकते आणि तंतू चेपले जातात. तंतूंतून पेशीला पोषक द्रव्येही मिळत असतात. ती वाट बंद झाली की पेशीची उपासमार होते व ती मरते. काहींच्या बाबतीत दाब सामान्य असूनही ही हानी होते. म्हणून केवळ दाब मोजून भागत नाही; दृष्टिचेतेचे टोक आणि दृष्टिक्षेत्रही तपासावे लागते.

बहुतेकांना यात वेदना होत नाहीत. प्रथम कडेचे दिसणे कमी होते आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. त्यामुळे पुष्कळ पेशी नष्ट होईपर्यंत रुग्णाला पत्ताच लागत नाही. भारतात चाळीस वर्षांवरील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० मध्ये मांडण्यात आला होता.

बेडूक आणि मासे यांची तुटलेली दृष्टिचेता पुन्हा वाढते. माणसाला निसर्गाने ही देणगी दिलेली नाही. मेलेली गुच्छिका पेशी परत येत नाही. तेव्हा उरलेल्या पेशी राखणे एवढेच आपल्या हाती असते. त्यासाठी सिद्ध झालेला उपाय म्हणजे थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रिया यांनी दाब कमी करणे. स्वीडनमधील २५५ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत उपचार न दिलेल्यांपैकी ६२ टक्के, तर दाब सुमारे एक चतुर्थांशाने कमी केलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्णांचा विकार वाढला. म्हणजे धोका घटतो. पूर्णपणे टळत नाही.

येथेच अनेक रुग्णांचा गैरसमज होतो. महिनोन् महिने थेंब घालूनही अधिक दिसत नाही, म्हणून ते औषध सोडून देतात. वस्तुतः थेंब अधिक दिसावे म्हणून नसतातच. आज दिसते तेवढे उद्याही दिसावे, म्हणून ते असतात.

दाबाशी संबंध न ठेवता पेशींनाच बळ देता येईल का, याचाही शोध चालू आहे. स्मृतिभ्रंशावरील मेमँटीन या औषधाची दोन हजारांहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ते अपयशी ठरले. ब-३ जीवनसत्त्वाच्या एका रूपाने, निकोटिनामाइडने, उंदरांच्या या पेशींचे रक्षण झाल्याचे २०१७ मध्ये दिसून आले. माणसांवरील छोट्या चाचण्याही आशादायक ठरल्या. तथापि मोठ्या मात्रेने यकृताला अपाय होऊ शकतो, त्यामुळे त्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

कृती : तुमच्या परिसरात काचबिंदूला कोणते नाव आहे, ते वडीलधाऱ्यांना विचारा. कुटुंबात आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा विकार असल्यास इतरांची तपासणी झाली आहे का, याचीही नोंद करा.