चरित्रकथा आणि उद्योगाचे शिक्षण

विद्यार्थ्यांस स्वतंत्र उद्योगाची दृष्टी यावी, म्हणून शाळांतून उद्योजकांची चरित्रे सांगतात. हेतू उत्तम, परंतु केवळ यशाचे वर्णन केले, तर मुले हात जोडतात आणि ‘असे पुरुष निराळेच’ म्हणून मोकळी होतात. म्हणून चरित्र कसे सांगावे, हाच खरा प्रश्न होय.

पिरनवाडीहून बेळगावास जाताना उद्यमबागेतील कारखाने लागतात. शहरात किर्लोस्कर रोड आहे. त्या नावापासूनच पाठाचा आरंभ करावा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. ते मुंबईस चित्रकला शिकू लागले. परंतु रंगांधत्वामुळे ती सोडावी लागली. येथे कथा थांबवावी व विचारावे, “तुम्ही काय केले असते?” उत्तरे ऐकून मग सांगावे, की रंग गेले तरी रेषा उरली होती, ते यांत्रिक रेखाटन शिकले व पुढे तेच शिकवू लागले.

१८८८ साली बंधू रामूअण्णांसह बेळगावात सायकलींचे दुकान निघाले. पुढे नोकरीत बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणराव बेळगावास आले. कडबा कापण्याच्या यंत्रामागून लोखंडी नांगर तयार झाला. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. येथे पुन्हा थांबावे. किंमत उतरवावी, धंदा बदलावा, की शेतात नांगर चालवून दाखवावा? मुलांनी आपसांत वाद घालावा. शिक्षकाने घाई करू नये.

पुढे बेळगावातील जागा सोडणे भाग पडले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा व कर्ज दिले आणि १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळ कारखाना उभा राहिला, तीच किर्लोस्करवाडी. आता कोणाकोणाचे साहाय्य झाले, याची यादी मुलांकडून करवून घ्यावी. भाऊ, कारागीर, राजा यांना वगळून सांगितलेले चरित्र अपुरे होय.

शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याने जवळच्या गिरणीवाल्यास किंवा लेथवाल्यास तीन प्रश्न विचारावेत : भांडवल कोठून आणले? पहिले गिऱ्हाईक कसे मिळाले? तोटा आला तेव्हा काय केले?

ज्याने केवळ यशच ऐकले, तो उद्या वडिलांची जमीन गहाण टाकताना क्षणभरही थांबणार नाही. न खपलेल्या नांगराची गोष्ट ऐकलेला मुलगा आधी हिशेब मांडील, आणि मगच पाऊल टाकील.