ताटाशेजारची उत्तरपत्रिका

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आत्या, तू मुलांची डॉक्टर, तूच ओंकारला दोन शब्द समजाव." ते दोन शब्द तुलाच लिहितेय. रागावू नकोस. पोराच्या दहावीसाठी तुझा जीव किती तुटतो हे मला दिसतं.

दिवाळीत तुमच्याकडे होते तेव्हा एका रात्री तू सहामाहीची गणिताची उत्तरपत्रिका त्याच्या ताटाशेजारी ठेवलीस आणि शांतपणे विचारलंस, "हे मार्क कुठे गेले?" त्याने वरणभात कालवला आणि नुसता कालवतच राहिला. तू आवाज चढवला नव्हतास, हात तर तू कधीच उगारत नाहीस. म्हणूनच तुला त्यात काही वावगं वाटलं नसेल.

अशा वेळी मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप धाडतो, ती मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना, आणि रक्तात कॉर्टिसॉल उतरतं. हे संप्रेरक काही वैरी नव्हे. सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सर्वांत वर असतं, त्याच्याच जोरावर आपण कामाला लागतो. मध्यरात्रीच्या सुमारास ते तळाला जायला हवं. रोज रात्री, नेमकं उतरायच्या वेळी, आपणच ते चढवत राहिलो तर झोपेची वाट लागते, आणि दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं होतं ते झोपेतच.

1993 साली जर्मनीतल्या ट्रिअर इथल्या संशोधकांनी ताण मोजायची एक रीत बसवली. माणसाला परीक्षकांपुढे उभं करून भाषण द्यायला लावायचं, मग मोठ्या आकड्यातून 13-13 वजा करत जायला सांगायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. परीक्षकांनी चेहऱ्यावर काही म्हणजे काही दाखवायचं नाही. एवढ्याने बहुतेकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल चढतं. पुढे 2004 मध्ये सॅली डिकर्सन आणि मार्गारेट केमेनी यांनी प्रयोगशाळेतले 208 अभ्यास एकत्र तपासले. सर्वांत जास्त कॉर्टिसॉल कुठे चढलं? जिथे कुणीतरी आपल्याला जोखत होतं आणि निकाल आपल्या हातात नव्हता, तिथे. समीर, त्या रात्री ओंकारपुढे या दोन्ही गोष्टी होत्या. पेपर होऊन गेलेला, मार्क बदलणार नाहीत, आणि समोर बाबांचा न हलणारा चेहरा.

स्नेहा म्हणते, मी नंतर त्याला जवळ घेते. घेऊ दे. पण मिनेसोटा विद्यापीठातला एक अभ्यास तिलाही वाच म्हणावं. भाषणाची तयारी करताना आई किंवा वडील सोबत असले तर नऊ-दहा वर्षांच्या मुलांचं कॉर्टिसॉल चढत नव्हतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांवर मात्र त्या सोबतीचा तसा परिणाम दिसला नाही. लहानपणी कुशीत घेतलं की भागायचं, आता तेवढ्याने भागत नाही. म्हणून ताण आल्यावर फुंकर घालण्यापेक्षा घरातून तो मुळात कमी केलेला बरा.

त्याच विद्यापीठातल्या मेगन गनार यांचं 2019 चं काम मला फार मोलाचं वाटतं. अनाथालयात पहिली वर्षं काढून नंतर चांगल्या घरी दत्तक गेलेली मुलं त्यांनी पाहिली. या मुलांची ताणाला प्रतिसाद देणारी यंत्रणा मंदावलेली होती. वयात येताना ती इतर मुलांसारखी होत गेली. म्हणजे हे वय घडी पुन्हा बसवायचंही आहे. तुला उशीर झालेला नाही.

शिस्त सोडून दे असं मी म्हणत नाही. डायना बॉमरिंड यांनी 1960 च्या दशकात पालकांच्या तऱ्हा मांडल्या. नुसता धाक आणि नुसते लाड या दोन्हींपेक्षा नियम ठाम ठेवून मुलाचं ऐकून घेणारं घर त्यांना सरस वाटलं. फोन रात्री दहाला बाहेरच्या खोलीत, हा तुझा नियम उत्तम आहे, तो ठेव. पण पहाटेचा क्लास की संध्याकाळचा, आधी बीजगणित की भूमिती, हे त्याला ठरवू दे. या वयात झोपच उशिरा येते. अकराला झोपलेल्या पोराला पाचला उठवणं मला तरी पटत नाही. मार्कांबद्दल बोलायचंच तर रविवारी सकाळी बोल, आणि पहिला प्रश्न "पुढच्या वेळी काय वेगळं करशील?" हा असू दे. मग तो बोलेपर्यंत थांब. त्याला वेळ लागेल, मधली शांतता भरून काढायला जाऊ नकोस.

एखाद्या दिवशी तोंडून कडक शब्द गेला म्हणून पोर बिघडत नाही, तेव्हा तूही धसका घेऊ नकोस. कॉर्टिसॉलची तपासणी करून आणायचा उत्साहही नको. ते दिवसभर वरखाली होत असतं, एका आकड्यावरून काही कळत नाही. तुला कळेल ते त्याच्या जेवणावरून, झोपेवरून, मित्रांकडे जातो की नाही यावरून. दोन-तीन आठवडे हे सगळंच विस्कटलेलं दिसलं, किंवा जगण्यालाच कंटाळल्यासारखं काही बोलला, तर परीक्षा होईपर्यंत थांबू नकोस. मला फोन कर, रात्री कितीही वाजलेले असोत. त्याला दाखवायला आपण दोघं घेऊन जाऊ.

स्नेहाला आशीर्वाद, ओंकारला गोड पापा.

तुझी,
आत्या