वेदनाशामक औषधांमुळे अंगावर गांधी उठतात? आधी ॲलर्जीची गोळी घेणे हा उपाय नव्हे

डोकेदुखी, सांधेदुखी किंवा तापावरील गोळी घेतल्यानंतर काही मिनिटांत अथवा काही तासांत अंगाला खाज सुटून गांधी उठत असतील, तर ‘पित्त उठले’ असे समजून दुर्लक्ष करू नये. त्याचे कारण ती गोळीच असू शकते.

असे का होते?
ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन ही औषधे शरीरातील ‘कॉक्स-१’ या विकराचे कार्य रोखतात. त्यामुळे काही व्यक्तींच्या शरीरात हिस्टामिन व ल्युकोट्राइन ही द्रव्ये अधिक प्रमाणात स्रवतात. म्हणूनच एका गोळीने त्रास झालेल्या अनेकांना या गटातील दुसऱ्या गोळीनेही त्रास होतो.

आधी ॲलर्जीची गोळी का घेऊ नये?
सेटिरिझिनसारखी गोळी केवळ हिस्टामिनला अडवते. त्यामुळे खाज व गांधी कमी होतात. परंतु घसा किंवा श्वासनलिकेची सूज टळेल, याची शाश्वती नसते. उलट, धोक्याची पहिली खूण झाकली जाते. विशिष्ट रुग्णांना डॉक्टर अशी गोळी आधी देऊ शकतात. तो निर्णय त्यांनीच घ्यावयाचा असतो.

आपण काय करावे?
• त्रास झालेली गोळी पुन्हा घेऊ नका. तिच्यातील औषधाचे नाव लिहून ठेवा. दंतवैद्यासह प्रत्येक डॉक्टरांना व औषधविक्रेत्याला ते सांगा.
• पर्यायी औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या. नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉल बहुतेकांना सोसते. मात्र अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकही असते. पाकिटावरील घटक वाचा.
• हृदयविकारासाठी दिलेल्या ॲस्पिरिनमुळे त्रास झाल्यास त्याच दिवशी, पुढील गोळीपूर्वी, डॉक्टरांशी बोला. ती कायमची बंद करण्याचा निर्णय स्वतः घेऊ नका.
• गांधींवर डॉक्टरांनी ॲलर्जीची गोळी दिली असल्यास झोप येऊ शकते. वाहन चालवू नका.

तातडीची लक्षणे
ओठ, जीभ किंवा घसा सुजणे, आवाज बसणे, धाप लागणे, छातीत घरघर, भोवळ. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास ॲलर्जीच्या गोळीचा गुण येण्याची वाट पाहू नका. १०८ किंवा ११२ वर त्वरित दूरध्वनी करा. अशा वेळी ॲड्रेनालिनचे इंजेक्शन प्राण वाचवते.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करता येते. आपली नोंद इतर रुग्णांच्या सुरक्षिततेसाठीही उपयोगी पडते.